लुंबिनीला जाताय? घरूनच तयारी करून निघा

परदेश म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे विमान येते, समुद्र येतो आणि खर्चाचा मोठा आकडा येतो. पण नागपूरकरांच्या आपुलकीचा एक परदेश असा आहे, की जो रेल्वेने आणि एस.टी.सारख्या बसने गाठता येतो. तो म्हणजे नेपाळ, आणि तिथले भगवान बुद्धांचे जन्मस्थान लुंबिनी.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले आणि त्या प्रवासात त्यांनी लुंबिनीचे दर्शन घेतले. तेव्हापासून विदर्भातल्या अनेक घरांत 'एकदा लुंबिनी पाहायची' ही इच्छा जपली जाते. कापसाचे, सोयाबीनचे पैसे हाती आले की म्हातारे आई-वडील हा विषय काढतात. अशी यात्रा बहुधा आयुष्यात एकदाच घडते. म्हणून ती सीमेवर अडू नये, एवढ्यासाठी हा लेख.

जवळचा असला तरी तो परदेशच

नेपाळला जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही. त्यामुळे पुष्कळांना वाटते की पंढरपूरला निघावे तसे निघाले तरी चालेल. इथेच घोटाळा होतो. व्हिसा लागत नसला तरी ओळखीचा कागद लागतो, आणि तो ठरलेलाच लागतो: पारपत्र, म्हणजे पासपोर्ट, किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र.

बँकेत, रेशन दुकानात, कृषी खात्यात सगळीकडे आधार कार्ड चालते, म्हणून लोक तेच घेऊन निघतात. नेपाळच्या प्रवासासाठी आधार कार्ड फक्त १५ वर्षांखालील मुलांना आणि ६५ वर्षांवरील वडीलधाऱ्यांना चालते. मधल्या वयाच्या माणसाला ते पुरत नाही. १५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांचा ओळखीचा दाखला, ठरलेल्या नमुन्यात, घ्यावा.

दुसरी गोष्ट नावाची. सातबाऱ्यावर 'शंकर', मतदार कार्डावर 'शंकरराव' आणि रेल्वेच्या तिकिटावर तिसरेच, असे आपल्याकडे सर्रास असते. लग्नानंतर बायकांच्या नावांत तर हमखास फरक पडतो. जे कार्ड बरोबर नेणार, त्यावर जसे नाव आहे तसेच तिकिटावर लिहावे. कार्डावरचे नाव, वय किंवा फोटो चुकीचा असेल तर दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून निघण्याच्या तीन-चार महिने आधी सगळ्यांची कार्डे काढून एकदा पाहावीत. जथ्यातला एक माणूस अडला की बाकीच्यांचाही पाय निघत नाही.

ज्यांना पुढे श्रीलंका, थायलंडलाही जायचे आहे त्यांनी सरळ पारपत्रच काढावे. त्याचे कार्यालय नागपुरातच आहे.

केव्हा जावे?

लुंबिनी तराईच्या सपाट प्रदेशात आहे. उन्हाळा आपल्यासारखाच कडक असतो, पावसाळ्यात चिखल होतो आणि डिसेंबरअखेर ते जानेवारीत दाट धुके पडून गाड्यांना उशीर होतो. वैशाखी पौर्णिमेला मोठा उत्सव असतो, पण तेव्हा ऊन आणि गर्दी दोन्ही सोसावी लागतात. वयस्क माणसांना नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च बरा. ज्यांच्याकडे गहू-हरभरा आहे त्यांनी रब्बीची पेरणी आटोपून नोव्हेंबरच्या उत्तरार्धात निघावे. ज्यांचा सगळा भर कापसावर आहे त्यांना वेचण्या संपल्यावर फेब्रुवारीअखेर सोयीची पडते. गुराढोरांची आणि ओलिताची व्यवस्था कोणाकडे सोपवायची ते आधी ठरवावे, म्हणजे प्रवासात जीव घराकडे लागत नाही.

वाट कशी आहे?

नागपूरहून गोरखपूरला थेट रेल्वेगाडी आहे. दक्षिणेतून येणारी राप्तीसागर एक्स्प्रेस नागपूरवरूनच जाते. आरक्षण ६० दिवस आधी उघडते. म्हाताऱ्या माणसांसाठी खालचा बाक मिळवायचा तर त्याच दिवसांत तिकीट काढावे.

गोरखपूरहून सोनौली या सीमेवरच्या गावाला बस व जीप मिळतात. अंतर साधारण तीन तासांचे आहे. सोनौलीला कमान ओलांडली की पलीकडे नेपाळचे बेलहिया. तिथून चार-पाच किलोमीटरवर भैरहवा शहर आणि भैरहव्याहून वीस-बावीस किलोमीटरवर लुंबिनी. गोरखपूरपासून पूर्वेला सुमारे पन्नास किलोमीटरवर कुशीनगर आहे. जन्मस्थान आणि महापरिनिर्वाणस्थान एकाच फेरीत पाहता येते.

सीमेवर कोणी जवळ येऊन 'फॉर्म भरावा लागेल, माणशी इतके पैसे' असे सांगू लागले तर पैसे काढू नका. पायी किंवा रिक्षाने जाणाऱ्या भारतीय यात्रेकरूला व्हिसाची फी नाही. शंका आली तर सरळ गणवेशातल्या अधिकाऱ्याला विचारावे. आपली जीप किंवा ट्रॅव्हलर घेऊन गेलात तर मात्र गाडीचा परवाना काढावा लागतो. त्याला तिथे 'भन्सार' म्हणतात. तो दिवसाच्या हिशेबाने मिळतो, आणि मुदत उलटली की दंड बसतो. म्हणून एखादा दिवस जास्तीचा धरूनच परवाना काढावा. गाडीचे नोंदणीपत्र, विमा आणि चालकाचा परवाना मूळ प्रतीत हवा.

पैसे, घड्याळ आणि तारीख

१०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर ठरलेला आहे. दुकानदार भाव सांगेल तेव्हा आधी विचारावे, 'आयसी की एनसी?' आयसी म्हणजे भारतीय पैसे, एनसी म्हणजे नेपाळी. हा एक प्रश्न न विचारल्याने दीडपटीहून जास्त पैसे जातात. मोठ्या भारतीय नोटांबाबत नेपाळचे नियम वेळोवेळी बदलत आले आहेत. १०० रुपयांच्या आणि त्याहून लहान नोटा नेल्या तर अडचण येत नाही. मोबाइलने पैसे देण्याची सोय काही दुकानांत झाली आहे, पण तिच्या भरवशावर राहू नये.

नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे असते. परतीची बस पकडताना हे लक्षात ठेवावे. तिथे व्यवहारात विक्रम संवत चालते, त्यामुळे बिलावर किंवा तिकिटावर ५६-५७ वर्षे पुढचा आकडा दिसला तर गोंधळू नये, पण कोणत्या दिवसाचे तिकीट आहे ते विचारून खात्री करावी. पाट्या देवनागरीत असतात. तेव्हा आपल्याकडचे चौथी शिकलेले माणूसही त्या वाचू शकते, आणि हिंदी बहुतेकांना समजते.

आपला मोबाइल सीमेपलीकडे नेहमीसारखा चालत नाही. म्हणून प्रत्येकाच्या, विशेषतः म्हाताऱ्या माणसांच्या खिशात एक चिठ्ठी असावी. तिच्यावर नाव, गाव, उतरण्याचे ठिकाण, जथ्याच्या प्रमुखाचा नंबर आणि चालू औषधे लिहावीत. रक्तदाबाची, साखरेची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह चार दिवस जास्तीची घ्यावीत. नेपाळमध्ये पोलिसांचा क्रमांक १०० आणि रुग्णवाहिकेचा १०२ आहे. कार्ड हरवले तर आधी पोलिसांत नोंद करावी. प्रत्येक कार्डाच्या दोन छायाप्रती वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवाव्यात.

तिथे काय पाहावे?

मायादेवी मंदिर, त्याला लागून असलेली पुष्करिणी आणि सम्राट अशोकाचा स्तंभ हे लुंबिनीचे हृदय आहे. १९९७ साली या स्थळाला जागतिक वारशाचा मान मिळाला. स्तंभावरचा लेख शेतकऱ्याने समजून घेण्यासारखा आहे. बुद्ध इथे जन्मले म्हणून अशोकाने लुंबिनी गावाचा कर माफ केला आणि उत्पन्नाचा फक्त आठवा हिस्सा घ्यायचा ठरवला, असे त्यात कोरले आहे. एवढ्या मोठ्या राजाने या जागेला वंदन केले ते शेतसारा कमी करून!

मंदिरात जोडे काढून जावे लागते आणि आत फोटो काढू देत नाहीत. परिसर फार मोठा आहे. निरनिराळ्या देशांचे विहार दूरदूर आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी रिक्षा ठरवावी. काही विहारांत यात्रेकरूंची राहण्या-जेवण्याची साधी सोय होते. कोरियन विहार त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथली शांतता आणि वेळेची शिस्त मात्र पाळावी. जेवणात डाळ-भात भरपूर मिळतो, भाकरी नाही. दशम्या आणि चिवडा बरोबर असू द्यावा आणि पाणी उकळलेले किंवा बाटलीबंद प्यावे.

येताना काय आणू नये?

पवित्र जागेतले पिंपळाचे रोपटे आपल्या विहारासमोर लावावे असे मनात येणे साहजिक आहे. पण परदेशातून रोप, कलम, बी किंवा माती परवान्याशिवाय आणता येत नाही. त्यामागे मोठे कारण आहे. पानाखाली दडलेली कीड आणि मुळाच्या मातीतला रोग डोळ्यांना दिसत नाही, आणि एकदा शिवारात शिरला की निघत नाही. संत्र्याच्या बागा जपणाऱ्या आपल्या भागाला हे वेगळे सांगायला नको. अनोळखी माणसाने 'एवढे पुडके पलीकडे पोचवा' म्हटले तर तेही हाती घेऊ नये.

निघण्याच्या आदल्या रात्री सगळ्यांना एकत्र बसवावे आणि हा हिशेब करावा: प्रत्येकाचे मूळ कार्ड, त्याच्या छायाप्रती, खिशातली चिठ्ठी, औषधे, सुट्या नोटा. पाचही गोष्टी मिळाल्या की खुशाल निघावे. पेरणीआधी बियाणे तपासून घेणाऱ्याला ही सवय नवी नाही.