घार उडता उडता पिसं बदलते

पंचेचाळिसाव्या वाढदिवसाच्या सकाळी शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गरुडाची गोष्ट आली. अक्षरं नीट लागेनात म्हणून फोन हातभर लांब धरला. मराठीत चाळिशी म्हणजे वयही आणि चष्माही. मला दोन्ही लागल्या होत्या, पण कबूल एकही केली नव्हती.

गोष्ट तुम्हीही वाचली असेल. गरुड सत्तर वर्षं जगतो. चाळिशीत त्याची चोच वाकते, नखं बोथट होतात, पिसं जड होतात. मग तो उंच कड्यावर जाऊन खडकावर चोच आपटून तोडतो. नवी चोच आली की तिने नखं उपटतो, मग पिसं. दीडशे दिवस हे हाल सोसून तो नवाकोरा होऊन झेपावतो.

यातलं जवळपास काहीच खरं नाही. अमेरिकेतल्या रानातल्या बाल्ड ईगलचं नोंदलेलं सर्वाधिक वय 38 वर्षं आहे. चोच तोडलेला गरुड शिकार फाडू शकणार नाही, तो उपाशीच मरेल. पण खरी गोष्ट या बनावट गोष्टीपेक्षा कितीतरी अद्भुत आहे.

चोचीच्या आत हाड असतं आणि वर केराटिनचं आवरण, म्हणजे आपली नखं ज्याची बनतात तेच द्रव्य. हे आवरण जन्मभर वाढत राहतं आणि खाता-फाडताना, घासताना झिजत राहतं. वाढ आणि झीज यांचा हिशोब रोजच्या रोज चुकता होतो. नवी चोच मिळवायला गरुडाला कड्यावर जावं लागत नाही. ती त्याला रोज थोडी थोडी मिळतच असते.

पिसांचं त्याहून नवल. आमच्या गच्चीवर एकदा घारीचं लांब पीस पडलेलं सापडलं. टोक कुरतडल्यासारखं, तपकिरी रंग उन्हाने विटलेला. त्याची कड मी मुद्दाम उसकटली आणि दोन बोटांत धरून हलकेच ओढली, तर ती परत जुळून आली. पिसाच्या तंतूंना सूक्ष्म आकडे असतात, ते एकमेकांत अडकतात. पक्षी चोचीने पिसं विंचरतो तेव्हा हेच चालतं. पण टोक झिजलं की त्याला इलाज नाही. पूर्ण वाढलेलं पीस निर्जीव असतं, ते भरून येत नाही. ते टाकायचं आणि नवं उगवू द्यायचं.

बदकं उडायची सगळी पिसं एकदम टाकतात आणि तीन-चार आठवडे त्यांना उडताच येत नाही. पाण्यात, गवतात लपून त्यांचं भागतं. घारीला, गरुडाला हे परवडणारं नाही, कारण उडणं थांबलं की जेवण थांबलं. म्हणून ते एकेक करून पिसं टाकतात. बहुधा डाव्या पंखातलं एक गळतं तेव्हा उजव्यातलं त्याच्या जोडीचंही गळतं, म्हणजे तोल जात नाही. मोठ्या गरुडांना अख्खा संच बदलायला वर्षाहून जास्त काळ लागतो. विणीनंतरच्या दिवसांत घार नीट बघा, पडलेल्या दातासारखी फट दोन्ही पंखांत दिसेल. आणि ती फट घेऊन ती मजेत घिरट्या घालत असते.

आपल्या अंगातही हेच चाललेलं असतं. प्रौढ माणसाच्या हाडांचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी नवा होतो. एका प्रकारच्या पेशी जुनं हाड कुरतडतात, दुसऱ्या तो खड्डा भरतात. चाळिशीनंतर कुरतडणं हळूहळू पुढे जातं आणि भरणं मागे पडू लागतं. हाड मजबूत ठेवायचा निरोप भरणाऱ्यांपर्यंत पोचतो तो भारातून: चालण्यातून, उचलण्यातून. अंतराळवीरांवर हा भारच नसतो, म्हणून व्यायाम नीट झाला नाही तर शरीराचं वजन पेलणाऱ्या त्यांच्या हाडांची घनता महिन्याला एक-दीड टक्क्याने घटते. एकांतातल्या कड्यावर हाड नवं होत नाही, त्याला ओझं लागतं.

ओझं पेलतच नवा होत गेलेला माणूस म्हटलं की मला धोंडो केशव कर्वे आठवतात. 1891 मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले आणि 1914 पर्यंत शिकवत राहिले. याच नोकरीत असताना, 1896 मध्ये, त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. तो पुण्याबाहेर हिंगण्याला गेला, तेव्हा कॉलेजातली गणितं संपवून हा मास्तर चिखल तुडवत तिकडे पायी जायचा. 1907 मध्ये महिला विद्यालय निघालं. जपानमधल्या स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका हाती पडली आणि 1916 मध्ये भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ उभं राहिलं. तेव्हा कर्वे 58 वर्षांचे होते आणि विद्यार्थिनी होत्या पाच. एकाहत्तराव्या वर्षी ते या विद्यापीठासाठी परदेशी निघाले, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी त्यांनी नवं मंडळ काढलं. 1962 मध्ये गेले तेव्हा वय 104 होतं.

या आयुष्यात ‘सगळं सोडून नव्याने सुरुवात केली’ असा दिवस शोधायला गेलात तर सापडत नाही. गणित, घर, आश्रम, वर्गणीसाठी वणवण, सगळं एकाच वेळी चालू. एक पीस गळालं तेव्हा बाकीच्यांनी पंख पेलून धरला.

आपल्याला कड्यावरची गोष्ट आवडते, कारण ती एका झटक्यात सुटका देते: राजीनामा, हिमालय, नवा जन्म. आणि जमत नाही म्हणून खंतावायची सोयही देते. पण गृहकर्ज, आईची औषधं, मुलीची दहावी यांतून दीडशे दिवसांची रजा कोणाला मिळते? घारीलाही मिळत नाही. तिची चूल रोजची.

ग्रुपवर मी काही लिहिलं नाही, एक नमस्कार टाकला. संध्याकाळी जाऊन चष्मा करायला दिला. ते पीस आता चष्म्याच्या डबीत आहे. ज्या घारीचं होतं, तिला ते गळाल्याचं बहुधा कळलंही नसेल. ती तेव्हा उंदराच्या मागावर असेल.