कोरड्या कुंचल्याचे अक्षर

एक खरखरीत कागद घ्या. चपटा कुंचला पोस्टर कलरमध्ये बुडवून बराचसा रंग फडक्याला टिपून टाका आणि मोठ्या अक्षरांत, झटक्यात 'ममता' लिहा. आधी रंग भरीव उतरतो. केसांमध्ये केशाकर्षणाने धरलेला रंग संपत आला, की केसांचे झुपके सुटे होतात आणि त्यांच्यामधून पांढऱ्या रेघा डोकावू लागतात. कागदाच्या उंचवट्यांना रंग लागतो, खळगे कोरडे राहतात. हात वेगाने फिरला तर अधिकच. आता दोन्ही 'म' शेजारी ठेवून वर्गात फरक शोधायला सांगा.

हाच शब्द कुंचल्याच्या वळणाच्या एखाद्या संगणकीय फाँटमध्ये लिहिला, तर दोन्ही 'म'वरच्या पांढऱ्या रेघा बहुधा तंतोतंत सारख्या येतात आणि हस्ताक्षराचा भास तिथेच संपतो. गुळगुळीत छापील अक्षरात ही पुनरुक्ती आपल्याला खटकत नाही. ओरखडा हा मात्र अपघात असतो. तोच अपघात त्याच जागी दोनदा झालेला दिसला, की डोळा फसत नाही.

फाँटमध्ये सहसा अक्षराचे चित्र साठवलेले नसते; असते ती बाह्यरेषा, म्हणजे काही बिंदू आणि त्यांना जोडणारे वक्र. गुळगुळीत 'म'ला काही डझन बिंदू पुरतात. प्रत्येक ओरखड्याला स्वतःची बाह्यरेषा लागत असल्याने खरखरीत 'म'चे बिंदू शेकड्यांत जातात. एवढे करूनही ते लहान आकारात वाया जातात. अक्षराच्या उंचीच्या शंभराव्या भागाएवढी फट ४ मिलिमीटरच्या अक्षरात ०.०४ मिलिमीटर होते. इंचाला ३०० ठिपके देणाऱ्या छपाईयंत्राचा एक ठिपकाच सुमारे ०.०८५ मिलिमीटरचा. ३० सेंटिमीटरच्या फलकाक्षरात तीच फट ३ मिलिमीटर होते आणि लांबूनही ओरखडा म्हणून ओळखू येते. म्हणून हे फाँट शीर्षकांसाठी, प्रश्नपत्रिकेसाठी नव्हेत!

पुनरुक्तीवर तोडगा आहे. १९९६ साली मायक्रोसॉफ्ट व ॲडोबी यांनी जाहीर केलेल्या ओपनटाइप पद्धतीत एका अक्षराची अनेक रूपे ठेवता येतात आणि शेजारचे अक्षर पाहून रूप बदलण्याचे नियमही लिहिता येतात. अर्थात प्रत्येक जादा रूप कोणीतरी काढावेच लागते. देवनागरीत जोडाक्षरांमुळे हे काम फारच वाढते.

पण आमच्या मते खरी परीक्षा सांध्यावर होते. फ्रान्समध्ये रॉजे एक्स्कोफाँ यांनी १९५३ साली 'मिस्त्राल' हे हस्ताक्षरी वळण धातूच्या खिळ्यांसाठी काढले. तिथे एका खिळ्यावरचा फराटा पुढच्या खिळ्यावरच्या फराट्याला नेमक्या उंचीवर भिडावा लागे. आपली शिरोरेषा तर जवळजवळ प्रत्येक अक्षराला चिकटलेली. हाताने लिहिताना आपण अक्षरे काढून वर एकच रेघ ओढतो; ती डावीकडे ओली, उजवीकडे कोरडी होत जाते. फाँटमध्ये ती अक्षरागणिक तुकड्यांनी बनते. 'म'च्या उजव्या कडेला संपणारा ओरखडा 'त'च्या डाव्या कडेला पुढे चालू राहिला नाही, तर सांधा उघडा पडतो. कडेपाशी रेघ भरीव ठेवली तर सांधा लपतो, पण मग प्रत्येक अक्षरापाशी कुंचला नव्याने बुडवल्यासारखा दिसतो. एखाद्या जाहिरातीतली अक्षरे झाकून नुसती शिरोरेषा पाहा. तुकडे मोजता येतात का?