गोदावरी-मांजरेच्या खोऱ्यांतील पाण्याची वांटणी

लातूर व नांदेड जिल्ह्यांतील पीडितांस साहाय्य करणाऱ्या उदार जनांच्या मनांत असा प्रश्न येणें साहजिक आहे कीं, नद्या जवळ असतां येथील लोकांवर पाण्यावांचून तडफडण्याची पाळी कां यावी? त्याचा खुलासा आम्ही येथें करितों.

ता. 12 एप्रिल 2016 रोजीं मिरजेहून पाण्याची आगगाडी लातुरास आली. दहा वाघिणींत सुमारें पांच लक्ष लिटर पाणी होतें. पुढें वाघिणी पन्नास झाल्या. लातुरास पाणी देणारें मांजरेवरील धनेगांवचें धरण कोरडें पडल्यामुळें कृष्णेचें पाणी सुमारें 340 किलोमीटर दूर गोदावरीच्या खोऱ्यांत आणावें लागलें. शहराचें पिणें, कारखाने व उंसाचे मळे या सर्वांचा भार त्या एका धरणावर होता. शिवाय मांजरा बीड जिल्ह्यांत उगम पावून लातूर, कर्नाटक व तेलंगण यांतून वाहत गोदावरीस मिळते. नदीस हद्द ठाऊक नसते. म्हणून पाण्याचा हिशेब जिल्हावार नव्हे, तर खोऱ्यावार ठेवावा लागतो.

ही व्यवस्था तीन पायऱ्यांची आहे. पहिली पायरी राज्याराज्यांमधील. गोदावरीच्या पाण्याचा निवाडा लवादानें 1980 सालीं दिला. नांदेड जिल्ह्यांतील बाभळी बंधाऱ्याविषयीं सर्वोच्च न्यायालयानें 28 फेब्रुवारी 2013 रोजीं ठरविलें कीं, 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवावे, व 1 मार्च रोजीं 60 कोटी घनफूट पाणी खालीं सोडावें.

दुसरी पायरी राज्याची. 2005 सालच्या कायद्यान्वयें जलसंपत्ति नियमन प्राधिकरण स्थापन झालें. राज्याचा एकात्मिक जलआराखडा मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील मंडळानें तयार करावा व मुख्यमंत्र्यांच्या परिषदेनें मंजूर करावा, असें त्यांत आहे. टंचाईच्या सालीं एका खोऱ्यांतील सर्व धरणांचा उपयुक्त साठा ऑक्टोबरअखेर सारख्या प्रमाणांत असावा, हेंही त्यांत सांगितलें आहे. म्हणजे तूट सर्वांनीं वांटून घ्यावी. याच तत्त्वावर प्राधिकरणानें 2014 सालीं, जायकवाडींत 65 टक्क्यांपेक्षां कमी साठा असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा क्रम ठरविला. त्यावर मोठा वाद झाला. कारण वर अडलेला प्रत्येक थेंब खालच्या गांवास उणा पडतो.

तिसरी पायरी गांवची. शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांनीं कालव्याचें पाणी मोजून घ्यावें व आपसांत वांटावें, अशी तरतूद त्याच सालच्या दुसऱ्या कायद्यांत आहे. हिशेब येथें न राहिल्यास वरचा आराखडा कागदावरच राहतो.

आगगाडीनें व टँकरनें प्राण वांचतात. ती मदत टंचाईच्या दिवसांत थांबतां कामा नये. परंतु पाऊस चांगला झाला तरी पिण्याचें पाणी आधीं राखून मग पिकांस देण्याचा निर्बंध न पाळल्यास तीच वेळ पुन्हा येईल. म्हणून दात्यांस आमची विनंती कीं, द्रव्यसाहाय्य तर करावेंच; आणि ग्रामस्थांस विनंती कीं, ऑक्टोबरांत आपल्या तलावांत पाणी किती व गरज किती, हें चावडीवर लिहून लावावें. हिशेब उघडा राहिला म्हणजे दुर्बळांचा वांटा बुडविणें सोपें राहत नाहीं.