एक दिवस आपल्या एकटीचा

मैत्रिणींनो, आधी एक प्रश्न विचारते. गेल्या वर्षभरात तुम्ही एकट्या, काहीही काम नसताना, घराबाहेर कधी पडलात? भाजी, बँक, पालकसभा, दवाखाना, आहेराची खरेदी हे मोजायचं नाही. नुसतं फिरायला, मनाला येईल तसं, एकट्या?

मी स्वतःला हा प्रश्न विचारला तेव्हा उत्तर शोधायला फार मागे जावं लागलं. लग्नाला बारा वर्षं झाली. शाळेत अर्धवेळ शिकवायला जाते, तेव्हा घराबाहेर पडतेच. पण शाळा सुटल्यावर पाय आपोआप घराकडे वळतात, आणि वाटेत कोथिंबीर घ्यायची राहिली नाही ना, एवढाच विचार डोक्यात असतो. एकटीने, विनाकारण, असं बारा वर्षांत एकदाही नाही.

म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत मुलं मामाकडे गेली, तेव्हा ठरवलं की एक दिवस आपला. आम्ही घाटकोपरला राहतो. महाबळेश्वर-माथेरानची भाषा करण्यात अर्थ नव्हता. सकाळी जाऊन संध्याकाळच्या आत परत येता येईल, पायी हिंडता येईल आणि खिशालाही परवडेल, असं ठिकाण हवं होतं. मला मढ सुचलं.

पहिल्या खेपेची फजिती

हा लेख यशाची गोष्ट म्हणून लिहीत नाही, म्हणून आधी फजिती सांगते. गेल्या वर्षी मी पहिल्यांदा गेले ती खोटं कारण सांगून. "आगोटीची सुकी मासळी आणायला मढला जाते," असं घरी म्हटलं. सासूबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "का, घाटकोपरला मासळी मिळत नाही?" एवढंच म्हणाल्या. त्यांना कळलं होतं.

त्या दिवशी सगळ्यांचं जेवणखाण, धुणं, झाकपाक करून निघायला दहा वाजले. मढला पोहोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. समुद्राला भर भरती, पुळणीवर पाय ठेवायला जागा नाही. त्या दिवशी अमावास्या होती, हे मला घरी येऊन कालनिर्णयावर कळलं. तेवढ्यात घरून फोन आला, "अगं, चहाची पावडर कुठे आहे?" डबा नेहमीच्या फळीवरच होता. पण फोन ठेवला आणि माझा जीव थाऱ्यावर राहीना. मिळतील ते बोंबील घाईने घेतले आणि परत फिरले. डोकं दुखून आलं ते वेगळंच. बोंबीलही दमट निघाले, आठ दिवसांत बुरशी धरली.

सगळ्यात वाईट वाटलं ते बुरशीचं नव्हे. एक अख्खा दिवस हातात आला होता आणि मी तो भीत भीत परत करून आले होते.

खरं सांगून निघायचं

या वर्षी मासळीचं नाव काढलं नाही. जेवताना सांगितलं, "परवा मी दिवसभर मढला जाणार आहे. एकटी. काम काही नाही." हे म्हणाले, "एकटी? मग रविवारी आपण सगळेच जाऊ की." वाईट हेतूने नव्हेच. पण सगळे गेलो की डबे, पाण्याच्या बाटल्या, मुलांचे टॉवेल आणि कोणाला भूक लागली हे बघणं माझ्याकडेच येणार, हे त्यांच्या लक्षातच येत नाही. ते त्यांना समजावून सांगितलं. थोडा वेळ ताटाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "बरं."

सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण हात धुऊन आल्यावर त्या कालनिर्णयासमोर उभ्या राहिल्या. "परवा पंचमी. पावणेदहाच्या सुमारास ओहोटी पुरी होईल. नऊला पुळणीवर जा." त्यांचं माहेर अलिबागकडचं. त्यांनी मला जो हिशेब शिकवला, तो तुम्हीही लिहून ठेवा. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ येते. पंचमी म्हणजे पाचाची पाऊणपट पावणेचार. भरती पावणेचारला, आणि तिच्या साधारण सहा तास आधी आणि नंतर ओहोटी. पौर्णिमेनंतर प्रतिपदेपासून पुन्हा एक, दोन असं मोजायचं. आपल्या कोकणपट्टीला हा अंदाज पुष्कळ जमतो, अर्ध्या तासाचा फरक धरून चालावं. मी मुलांना भूगोल शिकवते, खारे वारे आणि मतलई वारे फळ्यावर काढते, पण हा हिशेब मला घरच्या भिंतीवर शिकायला मिळाला.

आदल्या रात्रीची तयारी

घर आपल्यावाचून एक दिवस चालावं, यासाठी फार मोठा खटाटोप करू नका. तीन भाज्या आणि दोन कोशिंबिरी करून ठेवल्यात, तर दमून निघाल आणि दिवस वाया जाईल. मी आमटी आणि कणीक तयार ठेवली, भात लावण्याचं काम यांच्यावर सोपवलं. आणि एक गोष्ट मुद्दाम केली. चहा, साखर, औषधं, किल्ल्या कुठे आहेत याची चिठ्ठी फ्रिजवर चिकटवली.

पिशवीत हे घ्या: दोन बाटल्या पाणी, एका लहान बाटलीत मीठ-साखर घातलेलं कैरीचं पन्हं, दोन दशम्या, सुती ओढणी किंवा टोपी, छत्री, सुटे पैसे, चार्ज केलेला फोन, आणि वाचायला पुस्तक. नवी चप्पल घालू नका. मुंबईत मे महिन्यात पारा तेहतीस-चौतीसच्या घरात दिसतो, पण हवेतल्या दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि थकवा लवकर येतो. म्हणून चालणं सकाळी, बसणं दुपारी, हा नियम.

सकाळची वाट

सव्वासहाला घराबाहेर पडले. घाटकोपर ते वर्सोवा मेट्रो २०१४ साली सुरू झाली, त्यामुळे पूर्व उपनगरातल्या आपल्यासारख्यांची मोठी सोय झाली आहे. अकरा-साडेअकरा किलोमीटरचं अंतर वीस-बावीस मिनिटांत कापलं जातं. निघण्यापूर्वी स्टेशनवरच्या स्वच्छतागृहात जाऊन या. बायकांच्या सहलीतली ही पहिली अडचण असते आणि तिच्याबद्दल कोणी लिहीत नाही. पुढे लवकर सोय मिळेलच असं नाही.

वर्सोवा स्टेशनवरून रिक्षाने वेसावे कोळीवाड्यातल्या धक्क्यावर. तिथून होडीने खाडी ओलांडली की मढ. मोजून काही मिनिटांचा प्रवास. होडीत माणसं, मासळीच्या टोपल्या, स्कूटरसुद्धा. हेच अंतर अंधेरीहून मालाडला वळसा घालून रस्त्याने गेलं, तर वीस किलोमीटरच्या आसपास पडतं. खाडीवर पूल बांधण्याची महापालिकेची योजना आहे. तो होईल तेव्हा होईल, तोवर होडीची गंमत आहे.

होडीत शेजारी बसलेल्या कोळीणबाईंनी विचारलं, "बाय, एकटीच आयलीस?" मी हो म्हटलं आणि पुढच्या प्रश्नाची, 'कशाला?' याची वाट बघितली. तो आलाच नाही. पहाटे उठून बाजार गाठायचा, टोपल्या उतरवायच्या, भाव करायचा, पैसे मोजून परतायचं, हा त्यांचा रोजचा शिरस्ता. एकट्या बाईने प्रवास करणं यात त्यांना विचारण्यासारखं काय वाटणार?

धक्क्यावरून गावात शिरलं की बांबूच्या वलांडी दिसतात. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून ती जोडी दांडीवर टांगतात. खाली जवळा पसरलेला. वास उग्र येतो, पण पाच मिनिटांत नाक सरावतं. सकाळी आठला सावली लांब असते, तेव्हा गावाच्या गल्ल्यांतून रमतगमत चालावं. फोटो काढायचा असेल तर आधी विचारावं. ते त्यांचं अंगण आहे.

हरबादेवीच्या देवळात हात जोडून मी किल्ल्याच्या दिशेने निघाले. हा किल्ला सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी बांधला. १७३९ साली वसईच्या मोहिमेत तो मराठ्यांनी घेतला, आणि १७७४ मध्ये साष्टीबरोबर इंग्रजांकडे गेला. आता तो हवाई दलाच्या ताब्यात आहे, परवानगीवाचून आत जाता येत नाही. बाहेरूनच पाहायचा, जवळच्या किल्लेश्वराच्या देवळापाशी घटकाभर बसायचं. खाडीचं तोंड किल्ल्यावरून कसं राखलं जात असेल, ते तिथे उभं राहिलं की पुस्तकापेक्षा लवकर कळतं.

एरंगळची ओहोटी

तिथून रिक्षाने एरंगळला आले. सव्वानऊ झाले होते. पाणी दूर गेलेलं, ओली पुळण पायाखाली टणक. चपला हातात घेऊन चालले. किनाऱ्यावरच सेंट बोनाव्हेंचरचं चर्च आहे, १५७५ सालचं. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी इथे मोठी जत्रा भरते आणि सर्व धर्मांचे लोक येतात. मे महिन्यात मात्र शांतता.

दहानंतर ऊन तापलं तशी चर्चपाशी सावली धरून बसले. पन्हं प्यायले. अकराला फोन वाजला. "अगं, मोठी कढई कुठे आहे?" चिठ्ठीत कढई लिहायची राहिली होती! सांगितलं आणि फोन ठेवला. आणि बघा, अगदी गेल्या वर्षीसारखंच झालं. पोटात कालवाकालव. आपण इथे बसलो आहोत आणि घरी ते लोक कढई शोधताहेत. पिशवी उचलून उभीसुद्धा राहिले. मग वाटलं, पुन्हा फोन आला तर निघू. दहा मिनिटं थांबले, पंधरा मिनिटं थांबले. फोन आला नाही. कढई सापडली असावी. पुन्हा खाली बसले आणि पुस्तक उघडलं. खरं सांगू? हलकं वाटलं आणि जरा दुखलंही. आपल्यावाचून अडत नाही हे कळणं एकदम सोपं नसतं.

दुपारी रस्त्यालगतच्या एका साध्या खाणावळीत गेले. "काय देऊ?" "काहीही चालेल," मी सवयीने म्हणाले. वाढणारा मुलगा हसला, "काहीही नाही ताई, नाव सांगा." मला दोन मिनिटं लागली. घरी कोणाला काय आवडतं ते तोंडपाठ आहे, माझं मलाच आठवावं लागलं. शेवटी बांगड्याचं कालवण आणि भात मागवला. काटे काढून द्यायला शेजारी कोणी नव्हतं, तो बांगडा मी गरम गरम खाल्ला.

मासळी घ्यायची तर

या वेळी बोंबील घेतले ते मनासारखे, बघून. तुम्हीही घेताना एवढं पाहा: बोंबील कडकडीत असावा, वाकवला तर मोडावा. रंग फिकट पिवळसर असावा, तांबूस डाग किंवा कुबट वास नको. घरी आणल्यावर एक-दोन कडक उन्हं द्या, डोकी काढून तुकडे करा आणि कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. पावसाळ्यात ओला हात डब्यात घालू नका. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा हाच डबा कामाला येतो.

सावधगिरीच्या चार गोष्टी

पाण्यात उतरू नका. जवळच्या अक्सा किनाऱ्यावर बुडून कितीतरी जीव गेले आहेत, आणि ओहोटीचं पाणी ओढून नेतं. अगदी निर्मनुष्य टोकाला जाऊन बसू नका. कुठल्या वाटेने जाणार आणि किती वाजता परतणार, हे घरी एकाला सांगून ठेवा. पावसाळ्यात समुद्र खवळला की होडीचा भरवसा धरू नका. परतताना होडी नको असेल, तर मढहून मालाड स्टेशनला बेस्टची बस आहे, ती एरंगळवरूनच जाते. मी तिनेच आले आणि पाचच्या आत घरी पोहोचले. मासळी सोडली तर सारा खर्च पाचशेच्या आत.

तुमच्या गावाजवळ समुद्र नसेल तरी बेत जमेल. वाईला घाटावर बसून मेणवलीपर्यंत तीन किलोमीटर सकाळी चालत जा, नाना फडणविसांचा वाडा बघा. नाशिकला रामकुंड ते काळाराम मंदिर, कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन करून रंकाळा. अलिबागला असाल तर सासूबाईंचा हिशेब मांडून ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जा. मात्र परतीची भरती विसरू नका. एक पाणी, एक जुनी वास्तू, एक बाजार, आणि मधे पायी चालण्याजोगं अंतर, एवढं पुरे.

संध्याकाळी घरी आले तेव्हा ओट्यावर मोठी कढई घासून पालथी घातलेली होती. जरा तेलकट राहिली होती, मी काही बोलले नाही. सासूबाईंनी विचारलं, "पाणी किती लांब गेलं होतं?" मी हाताने दाखवलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तिथी अजून सांगता येते मला. पण ओहोटी बघायला म्हणून एकटी कधी गेले नाही. लग्नाआधीही नाही."

त्यांचं वय आता सत्तरीला आलं आहे. गुडघे दुखतात, होडीत चढणं जमायचं नाही. पण घाटकोपरहून मेट्रो आहे, आणि वेसाव्याच्या किनाऱ्यावर रिक्षा जाते. परवा मी त्यांना एवढंच म्हटलं, की पुढची पंचमी बघून ठेवा, स्टेशनपर्यंत सोडायला येईन.

अजून हो म्हणालेल्या नाहीत. पण कालनिर्णयावर पेनाने एक बारीक खूण केलेली मला दिसली आहे.