नजरेला आरसा हवा

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची सुरुवात बहुतेकदा ‘अडेनोमा’ या लहानशा कोंबापासून होते. कोलोनोस्कोपीच्या दुर्बिणीतून तो दिसला, की तिथल्या तिथे काढता येतो आणि पुढचे संकट टळते. पण आतड्याच्या घडीआड कोंब सुटला, तर ते डॉक्टरला कळणार कसे? रुग्ण काही वर्षांनी आजारी पडतो, कदाचित दुसऱ्याच रुग्णालयात जातो. चूक समोरच येत नसेल, तर हजारो तपासण्यांचा अनुभवही ती सुधारू शकत नाही. म्हणूनच शंभर रुग्णांमागे किती जणांत अडेनोमा सापडला, हे प्रमाण प्रत्येक डॉक्टरला नियमित कळले पाहिजे. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १३६ डॉक्टरांच्या तीन लाखांहून अधिक तपासण्या पडताळल्या गेल्या. हे प्रमाण कुणाचे सुमारे ७ टक्के, तर कुणाचे ५२ टक्के निघाले. आणि ते एका टक्क्याने वाढले, की पुढे कर्करोग होण्याचा धोका ३ टक्क्यांनी घटत होता.

पोलंडच्या राष्ट्रीय कर्करोग-तपासणी कार्यक्रमात डॉक्टरांना दरवर्षी आपापले प्रमाण कळवले जाई. २०१७ साली मांडलेल्या निष्कर्षांनुसार २९४ डॉक्टरांपैकी सुमारे तीन चतुर्थांश अडेनोमा सापडण्याच्या प्रमाणानुसार पाडलेल्या गटांत वरच्या गटात गेले. ज्यांची प्रगती झाली नाही त्यांच्या तुलनेत वर गेलेल्या डॉक्टरांच्या रुग्णांमध्ये पुढे कर्करोग होण्याचा धोका ३७ टक्क्यांनी, तर त्याने मृत्यू येण्याचा धोका निम्म्याने कमी होता. ही सुधारणा निव्वळ अहवालामुळेच झाली, असे या निरीक्षणावरून सिद्ध होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पोलंडमध्येच झालेल्या दुसऱ्या प्रयोगात अहवालाच्या जोडीला केंद्रप्रमुखांना प्रत्यक्ष प्रशिक्षण दिले, तेव्हा नुसत्या अहवालापेक्षा जास्त सुधारणा दिसली. अहवाल उणीव दाखवतो. ती भरून काढायला शिकवणारा लागतो.

डॉक्टर आकड्यांपुरतेच काम करतील, ही भीतीही खोटी नाही. बॉस्टनच्या एका रुग्णालयात दुर्बीण बाहेर काढताना किमान सात मिनिटे घ्यायचा नियम केला. तो जवळपास सर्वांनी पाळला, पण कोंब सापडण्याचे प्रमाण वाढले नाही. घड्याळ मोजले, नजर तशीच राहिली. एक कोंब मिळताच शोध सैल पडू नये, यासाठी एका तपासणीत सरासरी किती कोंब सापडले, हेही मोजायला हवे. आणि अहवाल चारचौघांत मानहानी करण्यासाठी नसावा. तो डॉक्टरच्या हाती शिकण्यासाठी पडावा. ज्या कामात चूक दिसायलाच वर्षे लागतात, तिथे हा आरसा रुग्णाला मिळालेले संरक्षण आहे.