टफ कोण? तेव्हाचे की आत्ताचे?
नेरूळच्या कट्ट्यावर हा वाद तुम्हीही घातला असेलच. ‘तेव्हाचे’वाल्यांकडे हुकमाचा एक्का असतो: १९६२ च्या एशियन गेम्समध्ये जर्नेल सिंग डोक्याला टाके असताना फायनल खेळला, गोलही मारला. दक्षिण कोरियाला हरवून गोल्ड!

पण आपली मुंबई सिटी बघा. २०२३ च्या अखेरीस, भर सीझनमध्ये कोच बकिंगहॅम गेले, क्रॅटकी आले. मॅचेस चालू असतानाच नव्या कोचशी जुळवून घ्यायचं होतं. तरी मे २०२४ मध्ये कोलकात्यात जाऊन मोहन बागानला ३-१ हरवलं आणि कप आणला. हाही टफनेसच ना?

आणि हो, कॉलेजच्या मॅचमध्ये डोक्याला मार बसला, तर जर्नेल बनू नका. सरळ बाहेर या. त्यालाही दम लागतो, बॉस!