जुन्या लॅपटॉपसाठी हलकी कार्यप्रणाली निवडताना...

दहा-पंधरा वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला लॅपटॉप आज अनेक घरांत कपाटाच्या वरच्या खणात धूळ खात पडलेला आढळतो. तो बिघडलेला नसतो. सुरू होण्यास पाच-सात मिनिटे घेतो, इतकेच. अशा लॅपटॉपवर बहुधा ‘विंडोज एक्सपी’ किंवा ‘विंडोज ७’ असते आणि खरी अडचण संथपणाची नसून तेथेच असते. एक्सपीचे सुरक्षाविषयक पाठबळ मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवले. सर्वसामान्य ग्राहकांसाठी ‘विंडोज ७’चे पाठबळ १४ जानेवारी २०२० रोजी संपले, तर ‘विंडोज १०’ची नियमित मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. त्यानंतर सापडलेल्या त्रुटी या यंत्रांत तशाच राहतात. अशा लॅपटॉपवरून बँकेचे व्यवहार करणे म्हणजे घराला कुलूप न लावता गावाला जाण्यासारखे आहे. ‘विंडोज ११’ घ्यावे, तर त्याला किमान ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा लागते. या पिढीच्या लॅपटॉपमध्ये ती नसते.

उरतो तो लिनक्सचा मार्ग. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहिलेल्या गाभ्याभोवती आज शेकडो ‘डिस्ट्रो’ म्हणजे तयार कार्यप्रणाली उभ्या आहेत आणि त्यांतील बहुतेक विनामूल्य आहेत. मात्र ‘लिनक्स म्हणजे हलके’ हा समज अर्धाच खरा आहे. पडद्यावर खिडक्या, चित्रे आणि यादी दाखवणारा जो ‘डेस्कटॉप’ असतो, तोच प्रामुख्याने रॅम खातो. ‘ग्नोम’सारखा देखणा डेस्कटॉप १ जीबी रॅमच्या यंत्राला झेपत नाही. ‘एक्सएफसीई’ आणि ‘एलएक्सक्यूटी’ त्या मानाने मितभाषी; ‘आइसडब्ल्यूएम’ तर जवळजवळ मौनी.

निवड करण्यापूर्वी एक प्रश्न सोडवावा लागतो: प्रोसेसर ३२ बिटचा आहे की ६४ बिटचा? येथे अनेकांची फसगत होते. लॅपटॉपवरील विंडोज ३२ बिटची असली, म्हणजे प्रोसेसरही तसाच असेल असे नाही. इंटेलचा २००६ च्या प्रारंभी आलेला ‘कोअर ड्युओ’ ३२ बिटचा होता. त्याच वर्षी पुढे आलेला ‘कोअर टू ड्युओ’ ६४ बिटचा. नावात एका आकड्याचा फरक, पण निवडीच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर. २००८ च्या सुमारास स्वस्त ‘नेटबुक’ची लाट आली, त्यांतील असंख्य यंत्रांत ‘अ‍ॅटम एन २७०’ हा ३२ बिटचा प्रोसेसर होता. म्हणून विंडोज काय सांगते यावर विसंबू नये. प्रोसेसरचे पूर्ण नाव व क्रमांक पाहून इंटेलच्या संकेतस्थळावर खात्री करावी.

प्रोसेसर ६४ बिटचा आणि रॅम २ जीबी किंवा अधिक असेल, तर फार विचार करण्याचे कारण नाही. ‘लिनक्स मिंट’ची एक्सएफसीई आवृत्ती किंवा ‘लुबुंटू’ यांपैकी एक घ्यावी. विंडोजची सवय असलेल्याला मिंटमध्ये परके वाटत नाही. मिंटच्या कर्त्यांनी २ जीबी ही किमान मर्यादा सांगितली असली तरी सुखाने काम करण्यासाठी ४ जीबीची शिफारस केली आहे, हे लक्षात ठेवलेले बरे.

३२ बिटच्या लॅपटॉपची गोष्ट वेगळी. त्याच्यासाठी दारे एकेक करून बंद होत आहेत. उबुंटूने २०१७ मध्ये आपल्या मुख्य डेस्कटॉप आवृत्तीसाठी ३२ बिटच्या तबकड्या देणे थांबवले आणि पुढे लुबुंटूनेही तोच मार्ग धरला. ज्या डेबियनच्या पायावर या साऱ्या प्रणाली उभ्या आहेत, त्याच्या ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीत ३२ बिटच्या पीसीसाठी इन्स्टॉलर उरलेला नाही. डेबियन १२ ला मात्र दीर्घकालीन पाठबळाची मुदत जून २०२८ पर्यंत आहे. याच डेबियन १२ वर आधारलेली ‘अँटिक्स २३’ ही प्रणाली ३२ बिटमध्ये मिळते. ती दिसायला साधी, किंचित रुक्षच आहे. पण १ जीबी रॅमच्या नेटबुकसाठी आज याहून समंजस पर्याय क्वचितच सापडेल. बॅरी काउलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेली ‘पपी लिनक्स’ही हलकी आहे. ती पूर्णपणे रॅममध्ये चढते, त्यामुळे हार्ड डिस्क नादुरुस्त असली तरी पेनड्राइव्हवरून चालते. मात्र ती मूळतः सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याच्या नावे चालते. ज्यांना सुरक्षिततेची चिंता आहे, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पण कार्यप्रणाली हलकी झाली म्हणून संकेतस्थळे हलकी होत नाहीत. अँटिक्स सुरू होताना थोडक्या रॅममध्ये भागवते. ब्राउझर उघडून दोन-तीन वृत्तपत्रांची पाने लावली, की १ जीबी संपत आलीच. शिवाय क्रोमने ३२ बिट लिनक्सची साथ २०१६ मध्येच सोडली. फायरफॉक्सनेही १४५ व्या आवृत्तीपासून ती सोडली असून, दीर्घ मुदतीच्या १४० व्या आवृत्तीला किमान सप्टेंबर २०२६ पर्यंतच सुरक्षा-सुधारणा देण्याचे मोझिलाने जाहीर केले. तेव्हा ३२ बिटचा लॅपटॉप लेखन, वाचन, गाणी ऐकणे यांसाठी राखावा आणि बँकेचे व्यवहार दुसऱ्या यंत्रावर करावेत, हेच शहाणपणाचे.

काही रुपये खर्च करण्याची तयारी असेल, तर ते प्रथम रॅमवर आणि मग ‘एसएसडी’वर करावेत. साटा जोडणी असलेल्या लॅपटॉपमध्ये फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, तर कोणत्याही कार्यप्रणालीपेक्षा अधिक फरक जाणवतो. जुनी डीडीआर २ रॅम मुंबईत लॅमिंग्टन रोडवर शोधून पाहावी; फक्त लॅपटॉप जास्तीत जास्त किती रॅम स्वीकारतो, हे आधी पाहावे. अनेक नेटबुक २ जीबीच्या पुढे जात नाहीत.

नवी प्रणाली थेट बसवण्याची घाई करू नये. मिंट काय किंवा अँटिक्स काय, पेनड्राइव्हवरून ‘लाइव्ह’ चालवून पाहता येते आणि तोवर हार्ड डिस्कवरील मजकुराला धक्का लागत नाही. त्या वेळी वाय-फाय, आवाज आणि पडदा मिटल्यावर यंत्र झोपते व पुन्हा जागे होते का, हे तपासावे. ब्रॉडकॉमच्या काही वाय-फाय चिपना वेगळे फर्मवेअर लागते. जुन्या लॅपटॉपला घरातील वाय-फाय दिसतच नसेल, तर राउटर केवळ ५ गिगाहर्ट्झवर चालत नाही ना, हे पाहावे. आणखी एक फसवी अडचण म्हणजे मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल. तो संपला, की यंत्राची तारीख अनेक वर्षे मागे जाते आणि जवळजवळ प्रत्येक संकेतस्थळ असुरक्षित असल्याचा इशारा येतो. दोष कार्यप्रणालीचा नसतो. नव्या सेलने काम भागते.

जुना मजकूर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतल्याखेरीज ‘इन्स्टॉल’ची कळ दाबू नये. मराठी घरांत याला एक खास कारण आहे. त्या काळातील अनेक कागदपत्रे युनिकोडमध्ये नसून श्री-लिपीसारख्या प्रणालींच्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेली असतात. तो फॉन्ट नसेल, तर लिनक्सवर ती निरर्थक रोमन चिन्हांसारखी दिसतात. अशी कागदपत्रे जुन्या विंडोजवरच पीडीएफमध्ये जतन करावीत किंवा युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावीत. पुढील मराठी लेखनासाठी लिनक्समध्ये ‘इनस्क्रिप्ट’ कळफलक उपलब्ध असतो. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन तो जोडून घ्यावा लागतो.